हळदीच्या वखारीत चित्रशाळा : गावात चित्रकारांची सामाईक जागा उभी करताना

सांगलीत चित्रे काढणाऱ्या माणसांची वाण कधीच नव्हती. शाळांतील कलाशिक्षक, दुकानांच्या पाट्या रंगवणारे, गणेशोत्सवात देखाव्यांचे पडदे रंगवणारे, निवृत्तीनंतर जलरंगांकडे वळलेले बँकेतील कर्मचारी, मुंबई-पुण्यात शिकून परत आलेली तरुण मुले असे सगळे येथे होतेच. फक्त प्रत्येक जण आपापल्या घराच्या मागच्या खोलीत, कपाट आणि शिवणयंत्र यांच्या मधल्या जागेत चित्र काढत होता. मीही त्यांतलाच. चोवीस वर्षे एका शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या काळातील माझी बहुतेक चित्रे पलंगाखाली राहिली. २०२२ साली आम्ही बारा जणांनी जुन्या बाजारपेठेतील हळदीची एक रिकामी वखार भाड्याने घेतली आणि तेथे सामाईक चित्रशाळा सुरू केली. इतर गावांतील चित्रकार ती पाहायला येतात आणि जवळपास तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे, आमच्या चुकांसह, येथे पायरीपायरीने मांडली आहेत.

पायरी पहिली : जागेआधी वार ठरवावा

बहुतेक जण सुरुवात इमारतीपासून करतात. नगरसेवकाला भेटतात, सभागृह मागतात, नकाशा काढून घेतात आणि दोन वर्षांनी कंटाळून सोडून देतात. आमचा अनुभव असा की जागा मागण्याआधी ती भरणारी माणसे दाखवता आली पाहिजेत, आणि माणसे जमतात ती ठरलेल्या वाराला व ठरलेल्या वेळेला. नोव्हेंबर २०२१ पासून दर रविवारी सकाळी सात ते दहा या वेळात आम्ही बाहेर जाऊन चित्रे काढू लागलो. कधी कृष्णेवरील आयर्विन पुलाखाली, कधी गणपती मंदिराच्या आवारात, कधी हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर. पहिल्या रविवारी चौघे होतो. तिसऱ्या रविवारी दोघेच. तरी वार बदलला नाही आणि वेळही बदलली नाही.

या काळात एक साधी वही ठेवावी. तारीख, ठिकाण, किती जण आले आणि त्यांपैकी किती पुन्हा आले, एवढीच नोंद पुरते. यांपैकी शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण एकदा कुतूहलाने येणारे पुष्कळ असतात. सहा महिन्यांनी आमच्या वहीत पुन्हा पुन्हा येणारी एकोणीस नावे होती. पुढे वखारीच्या मालकांनी “तुम्ही नक्की करणार काय?” असे विचारले, तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर ती वही उघडून ठेवली. कोणत्याही प्रकल्प-अहवालापेक्षा ती अधिक उपयोगी पडली.

उघड्यावर चित्रे काढण्याचा आणखी एक फायदा आहे. लोक थांबून पाहतात, विचारतात, मुलांना पुढे ढकलतात. कोल्हापुरात ‘रंगबहार’ ही संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. तेथे झाडांखाली चित्रकार चित्रे काढतात, शेजारी गाणे चालू असते आणि फिरायला आलेली कुटुंबे तासन्‌तास उभी राहतात. दालनाची पायरी चढायला जी माणसे बिचकतात, ती बागेत सहज येतात. पुढे दालन उघडल्यावर हीच माणसे पायरी चढतात, कारण आत बसलेला चित्रकार त्यांना चेहऱ्याने ओळखीचा झालेला असतो.

पायरी दुसरी : स्वतःची सकाळ राखून ठेवावी

ही पायरी मार्गदर्शकांत सहसा नसते, म्हणून मुद्दाम येथे घालतो. सामाईक जागा उभारणारा माणूस बहुधा स्वतः चित्रकार असतो आणि पहिल्याच वर्षी त्याचे चित्र काढणे थांबते. पावत्या, निरोप, नळदुरुस्ती, रुसवेफुगवे यांतच दिवस जातो. माझ्या बाबतीत वखार सुरू झाल्यानंतरच्या आठ महिन्यांत एकच चित्र पूर्ण झाले आणि तेही सुमार होते.

चित्रकाराचे जगणे आधीच तुकड्यातुकड्यांचे असते. चित्रविक्रीवर घर चालणारे थोडे. बाकीचे नोकरी करतात, शिकवण्या घेतात, मागणीनुसार व्यक्तिचित्रे करतात, उत्सवाच्या हंगामात सजावटीची कामे घेतात. उरलेल्या वेळात स्वतःचे चित्र होते. त्या उरलेल्या वेळावरच संस्थेचा डोळा असतो. म्हणून आम्ही नियम केला की सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात कोणीही कोणाला वखारीच्या कामासाठी फोन करायचा नाही, आणि कामाची विभागणी अशी करायची की एका माणसावर आठवड्याला चार तासांपेक्षा अधिक भार येणार नाही. चार तासांत न मावणारा उपक्रम कितीही आकर्षक असला तरी तो घेत नाही.

एकट्याने चित्र काढत राहण्याचीही दुसरी बाजू असते, हे आमच्या भागाला माहीत आहे. १९२२ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे निधन झाल्यावर त्यांच्या आश्रयाला असलेले चित्रकार अबालाल रहिमान यांनी आपली बरीचशी चित्रे कोटीतीर्थ तलावाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. आश्रयदाता गेला की चित्रे पाहणारेच उरत नाहीत, अशी ती स्थिती. त्याउलट अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपला कोल्हापुरात राजारामपुरीतील बंगला चित्रांसह शासनाच्या स्वाधीन केला आणि आज तेथे कलासंग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, जे स्वतः चित्रे काढत, १९३८ साली आपला संग्रह संग्रहालयाच्या रूपाने लोकांसाठी खुला केला. आपल्याजवळ संस्थान नाही आणि बहुतेकांजवळ बंगलाही नाही. आपल्याजवळ वर्गणी आहे, त्यामुळे मार्ग वेगळा घ्यावा लागतो.

पायरी तिसरी : जागा पाहताना काय पाहावे

जागा पाहायला दुपारी जाऊ नये. सकाळी आठ वाजता जावे, दिवे न लावता आत उभे राहावे आणि उजेड कोठून येतो ते पाहावे. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, सावल्या सरकत नाहीत, म्हणून चित्रशाळेला उत्तरेची खिडकी हवी. आमच्या वखारीला उत्तरेला खिडकी नव्हती. मालकांच्या परवानगीने उत्तरेच्या पाख्यावरील मंगलोरी कौलांपैकी चौदा कौले काढून तेथे काचेची कौले बसवली आणि खर्च अगदी किरकोळ आला.

क्षेत्रफळाचा हिशेब असा करावा. ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, लावून उभ्याने काम करणाऱ्या माणसाला साधारण पाच फूट बाय पाच फूट जागा लागते, म्हणजे पंचवीस चौरस फूट. डाँकीवर, म्हणजे पुढे बोर्ड टेकवता येणाऱ्या बाकड्यावर, बसून काम करणाऱ्याला याहून कमी पुरते. आमचे दालन चाळीस बाय बावीस फुटांचे आहे. त्यात मधोमध मॉडेलची, म्हणजे चित्रासाठी समोर बसणाऱ्याची, जागा सोडून वीस जण मोकळेपणाने काम करतात. प्रदर्शनासाठी मात्र जमिनीचे नव्हे, भिंतीचे माप घ्यावे. दारे-खिडक्या वजा करून नव्वद फूट भिंत उरत असेल, चित्राची सरासरी रुंदी अडीच फूट असेल आणि दोन चित्रांत एक फुटाचे अंतर ठेवायचे असेल, तर पंचवीस चित्रे बसतात. तीस बसवण्याचा मोह होतो. बसवू नयेत.

तळमजला असावा, कारण पंचाहत्तरीच्या आजोबांनाही यायचे असते आणि सहा फुटी कॅनव्हास जिन्याच्या वळणावर अडकतो. स्वच्छतागृह असलेच पाहिजे. ते नसेल तर मुली आणि वयस्क माणसे दोनदा येतात आणि तिसऱ्यांदा येत नाहीत, आणि कारण कोणी सांगत नाही. एसटी स्थानकापासून चालत येता यावे, म्हणजे तासगाव, मिरज, आष्ट्याची मुलेही येऊ शकतात.

नदीकाठच्या गावात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आमच्या वखारीच्या भिंतीवर दोन पुसट रेषा होत्या. वरची ऑगस्ट २०१९ च्या पुराची, तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. खालची जुलै २०२१ ची. मालकांनी त्या रंगवून झाकल्या नव्हत्या, हा त्यांचा प्रामाणिकपणा. भाडे त्यामुळेच परवडण्यासारखे होते. पूर येणारी जागा घेऊच नये असे मी म्हणणार नाही, कारण मग अर्ध्या सांगलीत जागा मिळणार नाही. पण घ्यायची तर ती रेषा पाहून घ्यावी. शेजारच्या चहाच्या टपरीवर विचारावे. पाणी कोठवर आले होते हे तेथे बोटाने दाखवतात. मग विजेचे सगळे बोर्ड त्या रेषेच्या वर चढवावेत आणि चित्रे ठेवायचा माळा त्याहून वर करावा.

पायरी चौथी : करार आणि नोंदणी

मुंबईत वॉर्डन रोडवर १९५० आणि ६० च्या दशकांत भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होते. एका बंगल्यात हुसेन आणि गायतोंडे यांच्या चित्रशाळा, रविशंकरांचे संगीत विद्यालय आणि अल्काझींचे नाट्यप्रयोग एकत्र नांदत होते. आज तो बंगला तेथे नाही. चित्रकारांची सामाईक जागा किती लवकर नाहीशी होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणून ओळखीवर, शब्दावर किंवा “तुम्ही बसा, पुढचे पुढे पाहू” यावर जागा घेऊ नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार जागेचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणीही करावी लागते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज आपल्या राज्यात चालत नाही. लीव्ह अँड लायसन्स करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो, आणि दुरुस्तीवर खर्च करणार असाल तर पूर्ण साठ महिन्यांचाच आग्रह धरावा. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात : दरवर्षी भाडे किती वाढेल, छपराची दुरुस्ती कोणाकडे, भिंतीला खिळे आणि पट्ट्या मारायची परवानगी आहे का, आणि जागा सोडताना आपण बसवलेले दिवे व प्लायवूड आपल्याला नेता येईल का. शेवटचे कलम आम्ही विसरलो होतो आणि नूतनीकरणाच्या वेळी त्यावरून थोडा कडवटपणा आला.

संस्थेच्या नोंदणीची घाई करू नये, पण बँक खाते, देणगी आणि करार या तिन्हींसाठी ती लागतेच. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबरच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी होते. दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतील कार्यालयात होतात. नोंदणीपेक्षा नंतरची कामे जास्त विसरली जातात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. पुष्कळ जुन्या संस्थांच्या कागदावर अजून दिवंगत अध्यक्षच अध्यक्ष आहेत, आणि मग बँक व्यवहार अडवते. गटात एक तरी निवृत्त लेखनिक असावा. चित्र बरे काढत नसला तरी चालेल.

पायरी पाचवी : भिंती, उजेड आणि पाणी

आमची सर्वांत मोठी फजिती भिंतींनी केली. वखारीत कित्येक वर्षे हळदीची पोती होती. भिंती वरवर झाडून आम्ही उत्साहाने चुन्याचा हात दिला. संध्याकाळी काम आटोपले तेव्हा भिंत पांढरी दिसत होती. सकाळी दार उघडले तर उजवीकडच्या भिंतीवर जमिनीपासून छातीपर्यंत लाल डाग फुटले होते, काही ठिकाणी विटकरी, काही ठिकाणी चक्क कुंकवासारखे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसेच तर करतात, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होते. रंगांत आयुष्य घालवलेल्या बारा माणसांना ते वेळेवर आठवले नाही, एवढेच. पुढचे तीन दिवस तारेच्या ब्रशने भिंत कोरडी घासली, दोनदा धुतली आणि दारे उघडी टाकून ऊन आत घेतले, कारण हळदीचा रंग उन्हाने उडतो. त्यानंतर चुना टाळून पाण्यात मिसळणारा प्रायमर लावला. धान्य, मिरची, गूळ, तेल अशा कशाचीही वखार घ्याल तर आधी हातभर भिंत रंगवून आठ दिवस थांबावे.

त्याच आठवड्यात, पूर्वी याच वखारीत हमाली केलेले एक गृहस्थ बाहेरून डोकावले. आमचा खटाटोप पाहून ते म्हणाले, “या भितीला आम्ही कधी पोतं लावलं न्हाई, सर. हातभर सोडूनच थप्पी मारायचो. पावसाळ्यात वल येती.” जुन्या दगडी आणि चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. त्यांवर तेलरंग चोपडला तर ओल आतच कोंडते आणि पोपडे निघतात. म्हणून चित्रे थेट भिंतीवर न लावता आम्ही भिंतीपासून तीन इंच सोडून लाकडी पट्ट्यांची चौकट उभी केली, तिच्यावर बारा मिलिमीटरचे प्लायवूड ठोकले आणि ते वर-खाली उघडे ठेवले, म्हणजे मागून हवा खेळते. प्लायला मोतिया छटेचा बिनचमकीचा रंग दिला. खिळ्यांची भोके लांबीने (पुट्टीने) बुजवून वर्षातून एकदा पुन्हा हात मारला की भिंत नवी होते. ते हमाल पुढे आमच्याकडे मॉडेल म्हणून बसू लागले. त्यांच्या फेट्याची चित्रे काढून आमच्यापैकी निम्म्या जणांचा हात सुधारला.

उजेडाबाबत दोन वेगळ्या गरजा लक्षात घ्याव्यात. काम करताना वरून पसरणारा, सारखा उजेड हवा. प्रदर्शनाच्या वेळी प्रत्येक चित्रावर तिरका झोत हवा. झोताचा कोन उभ्या रेषेपासून सुमारे तीस अंश ठेवला तर काचेवर चमक येत नाही आणि चौकटीची सावली चित्रावर लांब पडत नाही. दिवा बारा फूट उंचीवर आणि चित्राचा मध्य पाच फुटांवर असेल, तर दिव्याची पट्टी भिंतीपासून चार फूट पुढे येते. दिवे घेताना वॅटपेक्षा रंगनिष्ठेचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, पाहावा. तो नव्वदच्या वर असावा. स्वस्त दिव्याखाली तांबडा रंग मळकट दिसतो आणि चित्रकाराला वाटते आपलेच काही तरी चुकले. जलरंगांवर फार प्रखर दिवा दिवसभर ठेवू नये, ते फिके पडतात.

चित्र टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ ते ६० इंचांवर ठेवावा. लहान-मोठी चित्रे एका रांगेत असली तरी मध्य एका रेषेत आला की भिंत शांत दिसते. मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन असेल तेव्हा हीच रेषा दहा इंच खाली घ्यावी, म्हणजे त्यांना आपले चित्र मान वर न करता पाहता येते.

पाण्यासाठी एक खोल मोरी आणि तिच्याखाली दोन कप्प्यांची टाकी करावी, म्हणजे रंगाचा गाळ पहिल्या कप्प्यात बसतो आणि गटार तुंबत नाही. तैलरंगात काम करणार असाल तर आणखी एक नियम मोडू देऊ नये. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्यांच्यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा, आत पाणी, आणि तो रोज बाहेर रिकामा करायचा. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात. मुलांच्या वर्गात तैलरंग आणि टर्पेंटाइन अजिबात आणू नयेत.

पायरी सहावी : पैशांचे गणित

सुरुवातीला अनामत रक्कम ५०,००० आणि दुरुस्तीला सुमारे १,३०,००० रुपये लागले. त्यासाठी आम्ही चेन्नईजवळच्या चोळमंडलचा धडा घेतला. चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या सहकारी-विद्यार्थ्यांनी संध्याकाळी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्या पैशांतून समुद्राकाठी सुमारे दहा एकर जमीन घेतली आणि १९६६ साली चित्रकारांचे गाव वसवले. अनुदानाची वाट पाहिली नाही. आम्हाला दहा एकरांचे स्वप्न नव्हते, पण रीत तीच वापरली. एक फूट बाय एक फूट आकाराची चाळीस चित्रे केली, सर्वांची किंमत एकच, २,५०० रुपये, आणि सही मागच्या बाजूला, म्हणजे नाव पाहून कोणी घेऊ नये. दोन दिवसांत एकतीस चित्रे गेली. उरलेली रक्कम बारा जणांनी प्रत्येकी साडेआठ हजार घालून पुरी केली. माझे चित्र शिल्लक नवांत होते, हेही नोंदवतो.

महिन्याचा खर्च आज असा आहे : भाडे ९,०००, वीज १,४००, झाडलोट २,०००, मॉडेलचे मानधन २,०००, किरकोळ ६००, एकूण १५,००० रुपये. तीस सदस्य दरमहा २०० रुपये देतात, मुलांच्या वर्गातून ६,००० येतात. उरलेले तीन हजार प्रदर्शनातील विक्रीवर घेतलेल्या वीस टक्क्यांतून आणि दालन कधीमधी व्याख्यानाला दिल्याने भरून निघतात. कधी निघत नाहीत. म्हणून चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बँकेत न हलवता ठेवावी.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीबद्दल पुष्कळ जण विचारतात. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृतीचा समावेश आहे, त्यामुळे मागता येतो. मात्र त्यासाठी संस्थेकडे प्राप्तिकर कायद्याखालील १२-ए (संस्थेला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या असाव्या लागतात व सीएसआर-१ हा, असा निधी घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचा, अर्ज भरलेला असावा लागतो. शिवाय असा निधी वस्तूंसाठी घ्यावा, दिवे, ईझल, पुस्तकांचे कपाट यांसाठी. भाड्यासाठी घेऊ नये. निधी थांबला की ईझल राहतात, पण थकलेले भाडे दार बंद करते.

पायरी सातवी : आठवड्याचे वेळापत्रक

वर्षाला एक भव्य महोत्सव करण्यापेक्षा आठवड्याला तीन साध्या बैठका कराव्यात. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी व्यक्तिचित्रण असते, शनिवारी दुपारी मुलांचा वर्ग आणि रविवारी सकाळी मोकळे काम किंवा बाहेर जाणे. महिन्यातून एकदा कोणी तरी प्रात्यक्षिक देतो. त्यासाठी प्रसिद्ध नावाच्या मागे लागू नये. पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिराने सपाट ब्रशने देवनागरी अक्षरांचे वळण कसे येते हे दाखवले, ती आमची आजवरची सर्वांत गर्दीची संध्याकाळ होती.

मुलांच्या वर्गाची खरी ओढ एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची असते, कारण इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात. पालक त्यासाठीच पाठवतात, त्यात कमीपणा मानू नये. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांची तयारी नीट करून घ्यावी, पण प्रत्येक वर्गाची शेवटची वीस मिनिटे परीक्षेबाहेरच्या चित्राला द्यावीत. परीक्षा झाल्यावरही जी मुले येत राहतात, ती त्या वीस मिनिटांसाठी येतात.

मॉडेलबाबत शिस्त पाळावी. वीस मिनिटे बसणे, पाच मिनिटे विश्रांती, पंखा त्यांच्याकडे, मानधन त्याच दिवशी हातात. त्यांच्या परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये, आणि बैठक संपल्यावर सगळी चित्रे मांडून त्यांना दाखवावीत. भाजी विकणाऱ्या एका मावशींनी वीस चित्रांपैकी एकाकडे बोट दाखवून “ही मी न्हाई, ही माझी नणंद” असे सांगितले होते. त्या चित्रकाराला त्याहून नेमकी टीका आजवर मिळालेली नाही.

पायरी आठवी : प्रदर्शन

मुंबईत १९५२ साली जहांगीर कलादालन उघडले, तेव्हापासून आपल्याकडील चित्रकाराच्या मनात प्रदर्शन म्हणजे जहांगीर असे समीकरण आहे. तेथील तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि चित्रांची वाहतूक व मुक्काम यांतच उमेद संपते. गावातील दालनाने त्याची नक्कल करू नये. फीत कापणे, शाल-श्रीफळ आणि पाच भाषणे यांना आम्ही फाटा दिला आहे. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी चित्रकार आपल्या चित्रांसमोर उभा राहतो आणि लोकांशी बोलतो. चहा असतो.

कागदपत्रे मात्र मोठ्या दालनासारखीच ठेवावीत. चित्र येताना आवक-पावती द्यावी. तिच्यात शीर्षक, माप, माध्यम, किंमत आणि आधीच असलेले ओरखडे यांची नोंद असावी व मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. विकले गेल्यावर पैसे किती दिवसांत मिळतील हे पावतीवर छापावे. आम्ही पंधरा दिवस ठरवले आहेत. किमती उघड लावाव्यात. गावातील माणूस किंमत विचारायला संकोचतो आणि न विचारताच निघून जातो.

पायरी नववी : पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत चित्रांचा खरा शत्रू बुरशी. हवेतील आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की ती धरते. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर लावावा आणि आकडा रोज लिहावा. चौकटींच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे चित्र भिंतीला टेकत नाही. जलरंगाच्या चित्राला माउंट, म्हणजे भोवतीची जाड पुठ्ठ्याची किनार, लावल्याशिवाय काच बसवू नये. कागद काचेला चिकटला की सुटत नाही. चित्रे प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून ठेवणे ही सर्वांत वाईट सवय. सुती चादरीत गुंडाळावीत आणि उघडीप मिळेल त्या दिवशी उघडून पंख्याखाली ठेवावीत, कडक उन्हात नव्हे.

पुराची तयारी आम्ही आकड्याला बांधली आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. पाणी ३५ फुटांवर गेले की कोणाचीही वाट न पाहता खालची सगळी चित्रे माळ्यावर चढतात. चाळीसला कागद, दिवे आणि कपाटातील वह्या टेम्पोने विश्रामबाग भागातील एका सदस्याच्या घरी जातात. प्लायवूड जागीच राहते. ते भिजले तर बदलता येते. कोणाचा टेम्पो, कोणाच्या घरात किती जागा, याची यादी मे महिन्यातच दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवावी.

पायरी दहावी : किल्ली

वखारीच्या तीन किल्ल्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या तिघांकडे असतात. पदे दर दोन वर्षांनी बदलतात आणि सलग दोनदा कोणालाही एकच पद मिळत नाही, मला तर नाहीच. भांडणे होतात. बहुतेक वेळा ती भिंतीवरील मधल्या जागेवरून होतात, म्हणून प्रदर्शनातील जागा चिठ्ठ्या टाकून ठरवतो. कोणाचे चित्र लावायचे यासाठी तिघांची निवड समिती असते आणि तिच्यात एक जण बाहेरगावचा असतो, कारण गावातल्या गावात नकार देणे कोणालाच जमत नाही.

गेल्या वर्षी डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मी दीड महिना घरी होतो आणि पहिल्यांदाच कोणताही निरोप माझ्यामार्फत गेला नाही. बरे वाटल्यावर रविवारी सात वाजता गेलो तर वखार उघडी होती, मॉडेल बसलेले होते आणि काचेच्या कौलांखालच्या माझ्या नेहमीच्या जागी आष्ट्याहून येणाऱ्या एका मुलीने ईझल लावले होते. जागा कोणाच्या नावाची नसते असा नियम मीच लिहिलेला असल्याने मला मोरीजवळचे बाकडे घ्यावे लागले. तेथे उजेड जरा कमी पडतो, म्हणून पुढच्या बैठकीत त्या बाजूला आणखी सहा काचेची कौले बसवण्याचा खर्च मंजूर करून घेतला.